ल्युपस आणि ‘नॉर्मल’ इको

महोदय,

ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) असलेल्या रुग्णाचा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ‘नॉर्मल’ आला की घरचे, आणि पुष्कळदा डॉक्टरही, हृदयाची काळजी सोडतात. हे धोक्याचे आहे. अहवालातल्या ‘ईएफ (इजेक्शन फ्रॅक्शन) ६० टक्के’ एवढ्यावरून एका ठोक्यात डाव्या कप्प्यातले किती रक्त बाहेर गेले तेवढेच कळते. हृदयाच्या स्नायूला सूज असली तरी हा आकडा बराच काळ टिकून राहतो. त्याआधी कमी होते ते स्नायूचे लांबीच्या दिशेने आकसणे. सोय असलेल्या इको मशीनवर ते ‘स्ट्रेन’ म्हणून मोजता येते. निरोगी हृदयात ते साधारण उणे २० टक्के असते. उणे चिन्ह सोडून आकडा १६ पेक्षा कमी भरला तर पुढचा तपास हवा. रक्तदाब चढलेला असताना स्ट्रेन कमी दिसतो, म्हणून त्या वेळचा रक्तदाब अहवालात लिहिलाच पाहिजे.

धाप, छातीत दुखणे, वाढलेले ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे प्रथिन) किंवा घसरलेला स्ट्रेन असेल तर कार्डियाक एमआरआय करावा. त्यातल्या टी२ मॅपिंगमध्ये (स्नायूच्या प्रत्येक भागाचे मोजमाप नकाशासारखे दाखवण्याच्या पद्धतीत) ताजी सूज दिसते. टी१ मॅपिंगमधला टी१ हा आकडा सूज आणि तंतुमय बदल (व्रणासारखे घट्ट होणे) दोन्हींमुळे वाढतो. या दोन्ही मॅपिंगना गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचे कॉन्ट्रास्ट औषध) लागत नाही, त्यामुळे ल्युपसने मूत्रपिंड बिघडलेल्यांनाही ते करता येतात. जुना व्रण पाहायचा तर मात्र गॅडोलिनियम द्यावे लागते; ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा) ३० च्या खाली असेल तर आधी नेफ्रॉलॉजिस्टला (मूत्रपिंडतज्ज्ञाला) विचारावे.

या एमआरआयमधल्या चुका ठरलेल्या आहेत. फुप्फुसाच्या आवरणाला सूज असलेल्या रुग्णाला दहा-बारा सेकंद श्वास रोखता येत नाही आणि मॅप पुसट येतो. ईसीव्ही (स्नायूतल्या पेशींबाहेरच्या जागेचे प्रमाण) काढताना जुना हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण) वापरला जातो; या आजारात रक्तक्षय सर्रास असल्याने तो त्याच दिवशीचा हवा. निरोगी हृदयाचा टी१ हा आकडा १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे माप) मशीनवर साधारण १००० मिलिसेकंद भरतो, ३ टेस्लावर १२०० च्या आसपास. मशीन बदलले की नुसत्या आकड्यांची तुलना निरर्थक. फेरतपासणी त्याच केंद्रात करावी.

रक्तवाहिन्यांचे दुखणे वेगळे. ३५ ते ४४ वयाच्या ल्युपसग्रस्त स्त्रियांत हार्ट अटॅकचा धोका समवयस्कांच्या ५० पटींहून अधिक असल्याचे १९९७ मध्ये अमेरिकेतील अभ्यासात आढळले होते. तरुण वयात सीटीचा कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या धमन्यांत साठलेल्या कॅल्शियमचे माप) शून्य आला तरी निर्धास्त होऊ नये. कॅल्शियम न साठलेला प्लाक (धमनीच्या भिंतीतला चरबीचा थर) त्यात दिसतच नाही. प्लाक शोधण्यासाठी मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी स्वस्त आहे, किरणोत्सर्ग नाही, ती जरूर करावी.

इको केंद्रांनी ल्युपसच्या प्रत्येक अहवालात ईएफसोबत स्ट्रेन, रक्तदाब आणि मशीनचे नाव छापावे, ही विनंती.

– एक रेडिओलॉजिस्ट, पुणे