नवव्या महिन्याच्या सुईबद्दल, सिस्टर, आभार

उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका सिस्टर आणि गावोगावच्या आशाताई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रजिस्टरमधल्या पीसीव्हीच्या, म्हणजे न्यूमोकोकस या न्यूमोनिया करणाऱ्या जंतूवरच्या लसीच्या, रकान्यासाठी आभार मानायला हे पत्र लिहीत आहोत. आम्ही मुलांचे डॉक्टर. अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्या आम्ही लिहितो, पण ती औषधं पुढेही लागू पडावीत याचं मोठं काम तुमच्या हातून होतं, आणि ते तुम्हाला क्वचितच कुणी सांगतं.

न्यूमोकोकस लहान मुलांच्या नाकाच्या मागच्या भागात मुक्काम ठोकून असतो. बहुतेकदा तो काहीच करत नाही. सर्दीनंतर मात्र कधी कानात उतरतो, कधी फुप्फुसात, क्वचित रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात. विषाणूच्या साध्या सर्दीवर अ‍ॅझिथ्रोमायसीन पाजलं की नाकातले औषधाला बळी पडणारे जंतू मरतात, दाद न देणारे उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत तेच पसरतात. हे औषध शरीरात थोड्या प्रमाणात बरेच दिवस रेंगाळतं, त्यामुळे अशा जंतूंना आणखी सवड मिळते. पेनिसिलिनची तऱ्हा वेगळी. ते जंतूच्या ज्या प्रथिनांना चिकटतं, ती प्रथिनंच न्यूमोकोकस बदलून टाकतो. औषध मोडणारं एन्झाइम तो बनवत नाही, म्हणून या जंतूपुरतं बोलायचं तर ते एन्झाइम अडवणारं क्लॅव्ह्युलॅनेट जोडलेल्या महागड्या सिरपने जास्तीचं काही साधत नाही, बाळाचे जुलाब तेवढे वाढतात. पुरेशा डोसात साधं अमॉक्सिसिलिनच द्यावं. चिठ्ठ्या लिहिताना ही चूक आमच्याकडून होते, तुमच्याकडून नाही.

लस या साखळीच्या आधीच आडवी येते. या जंतूचे शंभराहून जास्त प्रकार आहेत, पण औषधांना दाद न देणारे पूर्वापार 6बी, 14, 19एफ, 23एफ अशा मोजक्याच प्रकारांत जास्त सापडत आले. अमेरिकेत 2000 साली 7 प्रकारांवरची लस सुरू झाली आणि हे प्रकार मागे हटले. मग लसीत नसलेला 19ए वाढला, म्हणून 2010 च्या 13 प्रकारांच्या लसीत तो घ्यावा लागला. पुण्यात तयार होणाऱ्या न्यूमोसिल या पीसीव्ही लसीत 10 प्रकार आहेत आणि त्यात 19ए, 19एफ दोन्ही आहेत. जो जंतू नाकात ठाणच मांडू शकत नाही, त्याच्यावर औषध वाया घालवायची वेळ येत नाही.

महाराष्ट्रात 2021 साली, कोविड लसीकरणाच्या धांदलीतच, ही लस तुमच्या हाती आली. तेव्हापासून तुम्ही जे सांभाळलंत, त्यातलं पहिलं म्हणजे थंडी. लस 2 ते 8 अंशांत ठेवायची हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण उन्हाइतकीच भीती बर्फाचीही असते, हे विसरलं जातं. या लसीत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो. ती एकदा गोठली की त्याच्या गुठळ्या होतात आणि लसीचा जोर जातो. कुपीवरच्या व्हीव्हीएम या खुणेचा रंग बदलणारा चौकोन फक्त उष्णता दाखवतो, गोठणं दाखवत नाही. म्हणून डीप फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक लगेच लसवाहकात न टाकता, त्यावर पाणी सुटेपर्यंत थांबून, कानाशी हलवून आत पाणी खळखळतंय का हे ऐकणारी सिस्टर आम्हाला फार मोलाची वाटते. सकाळच्या घाईत तेवढा वेळ काढणं सोपं नसतं.

दुसरं, दोन सुयांची समजूत. दीड महिन्याच्या बाळाच्या डाव्या मांडीत पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस), उजव्या मांडीत पीसीव्ही 0.5 मिली, शिवाय दंडावर पोलिओची सुई. आजी म्हणते, “एक आज द्या, एक पुढच्या महिन्यात.” तुम्ही ऐकता, समजावता आणि त्याच दिवशी देता. बाळाला सर्दी आहे एवढ्यावरून परत पाठवत नाही. अडीच महिन्यांच्या फेरीला पीसीव्ही नसते, कारण पहिल्या दोन डोसांत 8 आठवड्यांचं अंतर हवं. तेव्हा “मागे दिली ती लस राहिली का?” असं विचारणाऱ्या आईला कार्ड उघडून साडेतीन महिन्यांचा रकाना दाखवता.

सगळ्यात जास्त आभार मात्र नवव्या महिन्याच्या डोसासाठी. पहिल्या दोन डोसांनी शरीराला जंतूची ओळख होते. तिसऱ्याने प्रतिपिंडं उंचावतात आणि पुढची काही वर्षं टिकतात. दीड-दोन वर्षांची मुलंच हा जंतू घरभर वाटत फिरतात, म्हणून या डोसाचा फायदा घरातल्या आजोबांनाही होतो. नेमका तोच डोस सुटतो. आई कामावर परतलेली असते, गोवराच्या लसीपुरतं कुटुंब येतं आणि “बाकी झालंय” म्हणून निघू पाहतं. तुम्ही त्यांना थांबवता.

आणि श्वास मोजणाऱ्या आशाताई! बाळ शांत असताना, पोटावरचा कपडा वर करून, घड्याळ धरून पूर्ण 60 सेकंद. तीस सेकंद मोजून दुप्पट करत नाही, कारण बाळांचा श्वास एका लयीत चालत नाही. 2 महिन्यांपर्यंत 60, पुढे वर्षापर्यंत 50, आणि 1 ते 5 वर्षांत 40 किंवा त्याहून जास्त म्हणजे श्वास जलद. छाती आत ओढली जात असेल तर आणखी गंभीर. अशा वेळी अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देऊन तुम्ही बाळ पुढे पाठवता. घरी औषध चालणार असेल तर 250 मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी, 2 महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाला एक आणि 1 ते 3 वर्षांच्याला दोन, सकाळ-संध्याकाळ, 5 दिवस. “खेळायला लागलं, आता बंद करते” म्हणणाऱ्या आईकडे तुम्ही पुन्हा जाता. आणि श्वास जलद नसेल तर नुसत्या सर्दीला गोळी देत नाही. घरचे रागावले तरीही.

दिवाळीच्या सुमारास बीडकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात, तेव्हा कोणत्या बाळाची कितवी सुई बाकी आहे हे कार्डावर ठळक लिहून तुम्ही ते आईच्या हातात देता, आणि फडाजवळच्या पालांवर दुसरी सिस्टर तेच कार्ड मागून पुढचा डोस देते. तुम्हा दोघींची बहुधा कधी भेटही होत नाही. त्या दोघींना आमचा नमस्कार.

आपले,
बालरोगतज्ज्ञ