आठ वर्षांच्या मुलाकडे गेल्या जन्माचा हिशेब?

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतला मुलांना हिंदू धर्माची ओळख कशी करून द्यावी, हा लेख वाचला. लेखिकेचा हेतू चांगला आहे, याबद्दल शंका नाही. देवघरात पोरांना सहाणेवर गंध उगाळू द्या, नैवेद्याचं ताट त्यांच्याकडून वाढून घ्या, हे अगदी पटलं. पाच ते आठ वयोगटाला चार पुरुषार्थ समजावताना धर्म आणि अर्थ झाल्यावर बाई एकदम मोक्षावरच पोचल्या, तीही त्यांची अडचण समजू शकतो. पण कर्मसिद्धान्ताचा परिच्छेद वाचला आणि सकाळचा चहा कडू झाला. 'चांगलं केलं की देव बक्षीस देतो, वाईट केलं की शिक्षा. या जन्मी नाही तर पुढच्या जन्मी. मुलांना हे चटकन पटतं.'

पटतं ना! किती पटतं ते आमच्या घरी पाहिलंय.

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये संस्कारवर्ग भरला होता. सतरंज्या, समई, मनाचे श्लोक आणि शेवटी प्रसाद. माझा नातू आठ वर्षांचा. त्याला टाइप १ मधुमेह आहे. खाण्याआधी साखर तपासून इन्सुलिन घ्यावं लागतं आणि हे तो आमच्यापेक्षा शहाणपणाने करतो. त्या दिवशी प्रसादाला शिरा होता. त्याने द्रोण बाजूला ठेवला, डबी उघडली, बोटाला टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. पोरं भोवती जमली, त्यात काही विशेष नाही. वर्ग घेणाऱ्या बाईंना मात्र यात शिकवण्याची संधी दिसली. अगदी मायेने म्हणाल्या, "बघा मुलांनो, म्हणून वाईट वागायचं नाही. गेल्या जन्मीचं या जन्मी फेडावं लागतं."

शिरा तसाच द्रोणात घरी आला. रात्री सुनेने इंजेक्शन काढलं तेव्हा त्याने मला विचारलं, "आबा, मी गेल्या जन्मी कोणाला मारलं होतं का?"

दुसऱ्या दिवशी मी बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "काका, मी मनाचं काही सांगितलं नाही. शास्त्रात आहे तेच सांगितलं."

आता शास्त्राचंच बोलू. महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. ऋषी मौन धरून तप करत होते. चोरांनी लुटीचा माल त्यांच्या आश्रमात लपवला, राजाच्या शिपायांनी विचारलं तर ऋषी बोलेनात, म्हणून चोरांबरोबर त्यांनाही सुळावर चढवलं. ते मेले नाहीत. राजाला चूक कळली, त्याने पाय धरले, पण सूळ निघेना. शेवटी तो कापला आणि त्याचं टोक ऋषींच्या अंगात तसंच राहिलं. ते घेऊन मांडव्य थेट यमधर्माच्या दारात गेले आणि विचारलं, माझ्या कोणत्या पापाचं हे फळ? धर्म म्हणाला, लहानपणी तू किड्यांना गवताची काडी टोचत होतास. मांडव्य भडकले. अजाण पोराच्या एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा? त्यांनी प्रत्यक्ष धर्मालाच शाप दिला, म्हणूनच तो दासीच्या पोटी विदुर होऊन जन्मला. शिवाय तिथल्या तिथे मर्यादा घालून दिली, की चौदा वर्षांपर्यंत मुलाने काहीही केलं तरी ते पाप धरायचं नाही.

तो या जन्मापुरता नियम, गेल्या जन्माचं काय, असं विचारणारे निघतीलच. अहो, ज्या वयात डोळ्यांदेखत केलेलंही पाप धरायचं नाही, त्या वयाच्या पोराकडे न आठवणाऱ्या जन्माची थकबाकी कसली मागता? 'गहना कर्मणो गतिः' असं गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंत म्हणतात, तेही अर्जुनासारख्या जाणत्या माणसाला. आमच्या सोसायटीत ती गती एका वाक्यात उलगडली, शिऱ्यासकट.

आणखी एक शंका. टोरांटोत 1922 च्या जानेवारीत 14 वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याआधी हा आजार झालेली मुलं फार काळ जगत नसत. म्हणजे त्या सालापर्यंत पोरांची पापं जबर होती आणि नंतर एकाएकी हलकी झाली म्हणायचं का?

एवढं वाचून मला पुरोगाम्यांच्या पंगतीला बसवू नका. घरची पूजा मीच करतो आणि नातू शेजारी बसून फुलं देतो. कर्म म्हणजे काय ते त्यालाही कळायला हवंच. त्यासाठी मी त्याला नाथांची गोष्ट सांगितली. काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड, वाटेत वाळवंटात तहानेने तडफडणारं गाढव आणि नाथांनी त्याच्या तोंडात ओतलेलं ते पाणी. पोराने लगेच विचारलं, "मग रामेश्वराला काय वाहिलं?" बराच वेळ आमचं त्यावर चाललं होतं. गाढवाने गेल्या जन्मी काय केलं होतं, हे नाथांनी विचारल्याचं काही माझ्या ऐकिवात नाही.

जाता जाता तुमच्याबद्दलही. हा लेख ज्या पानावर आहे त्याच पानाच्या तळाला 'वशीकरण, करणी, संतानयोग, चोवीस तासांत हमखास' अशी चौकट आहे. राज्यात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, हे आपल्या जाहिरात विभागाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. वर मुलांना कर्माचं फळ चुकत नाही म्हणायचं आणि खाली ते चुकवून देणाऱ्याचा मोबाइल नंबर द्यायचा. कमाल आहे!

पत्र लांबलंय, ठाऊक आहे. कापायचंच असेल तर माझं पूजेचं वाक्य कापा, मांडव्याला हात लावू नका. मागे पाणीकपातीवर लिहिलं होतं तेव्हा आपण नेमकी तक्रार गाळून 'आपला अंक आवडतो' एवढंच छापलं होतं.

आपला,
एक आजोबा, डोंबिवली (पूर्व)