नगरपालिकेच्या इमारती आणि कोणाचेच नसलेले वीजबिल

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

नगरपालिकेच्या इमारतींमधील वीजबचतीचा विषय निघाला, की चर्चा बहुधा छतावरील सौरपॅनेलपासून सुरू होते. सौरऊर्जेला माझा मुळीच विरोध नाही. परंतु गळक्या टाकीत आणखी पाणी सोडण्याआधी गळती शोधावी लागते आणि सार्वजनिक इमारतींत ते काम कोणाकडेच सोपवलेले नसते. बिल लेखा विभाग भरतो, दिवे-पंखे शिपाई लावतो, दुरुस्ती बांधकाम विभाग करतो आणि इमारत वापरणारे लोक चौथेच असतात. बिल दुप्पट झाले, तरी यांपैकी कोणालाही जाब द्यावा लागत नाही.

विद्युत अभियंता म्हणून नोकरीत असताना एका सार्वजनिक वाचनालयाची पाहणी मी केली होती. दाराशी १४ बटणांचा बोर्ड होता आणि एकाही बटणावर खूण नव्हती; त्यामुळे कोपऱ्यातल्या एका टेबलावर उजेड हवा असला, तरी शिपाई तळहाताने सगळी बटणे एकदम लावत असे. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. प्रत्येक बटणाशेजारी रंगाने दिव्याचा क्रमांक लिहून घेतल्यावर ती सवय आपोआप सुटली. त्याच इमारतीत संध्याकाळी कुलूप लावताना आणि सकाळी उघडताना मीटरचे रीडिंग घेतले, तेव्हा रात्रभर आत कोणी नसतानाही वीज खर्च होत असल्याचे दिसले. वॉटर कूलर, स्वच्छतागृहातील एक्झॉस्ट पंखा आणि बंद न केलेले संगणक चालूच होते. असा ५०० वॅटचा भार रोज १२ तास विनाकारण राहिला, तर एका रात्रीत ६ आणि वर्षभरात सुमारे २,२०० युनिट वाया जातात. एवढी मोठी गळती सापडायला कोणतेही महागडे उपकरण लागले नाही.

उपकरणे बदलण्याचा प्रश्न यानंतर येतो. जुन्या चोकवर चालणारी ३६ वॅटची ट्यूब चोकसह सुमारे ५० वॅट घेते, तर तिच्या जागी बसणारी एलईडी ट्यूब १८ ते २० वॅटमध्ये भागवते. छताचा साधा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, तर बीएलडीसी (म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या डीसी) मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास. वातानुकूलन यंत्रणेतील मोठ्या पंख्यांबाबत तर हिशेब आणखी बोलका आहे, कारण तिथे लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे वेग २० टक्क्यांनी कमी केला, की विजेची गरज जवळजवळ निम्म्यावर येते. असे असूनही निविदा काढताना केवळ खरेदीची किंमत पाहिली जाते. वर्षानुवर्षे रोज आठ-दहा तास चालणाऱ्या मोटरची किंमत ती आयुष्यभरात खाणाऱ्या विजेच्या खर्चापुढे किरकोळ असते, त्यामुळे सर्वांत कमी दराची निविदाच पुढे सर्वांत महाग पडते, हे मी अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी हळहळलो आहे.

पैसा कुठून आणायचा, हा आक्षेप खरा आहे. जर्मनीतील श्टुटगार्ट शहराने १९९५ पासून त्यावर एक साधा मार्ग काढला आहे. तेथील महापालिकेचा पर्यावरण विभाग आपल्याच अन्य विभागांना वीज व इंधनबचतीच्या कामांसाठी बिनव्याजी पैसे देतो. कामानंतर बिलात जी बचत होते, त्यातून गुंतवणूक फिटेपर्यंत रक्कम त्याच निधीत परत येते आणि पुढच्या इमारतीला वापरता येते. आपल्या व्यवस्थेत मात्र वाचलेली रक्कम सर्वसाधारण तिजोरीत मिसळून जाते आणि पुढील वर्षी त्या विभागाची तरतूदच कमी होते, म्हणजे बचत करणाऱ्याला एका अर्थी दंडच होतो. हा उलटा न्याय बदलल्याखेरीज कोणताही विभाग मनापासून पुढे येणार नाही.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक इमारतीचा मासिक वीजवापर, क्षेत्रफळासह, तिच्याच दर्शनी भागात लावावा, त्यासाठी एक जबाबदार कर्मचारी नेमावा आणि वाचलेल्या रकमेसाठी स्वतंत्र निधी उघडावा. या गोष्टींना ठराव व मंजुरी लागेल, हे मी जाणतो. परंतु कुलूप लावताना आणि उघडताना मीटरचे रीडिंग वहीत लिहायला कोणाच्याही मंजुरीची गरज नाही, ते आज संध्याकाळपासून सुरू करता येईल.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त विद्युत अभियंता