रिपोर्टखालच्या सहीला

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पेशंटचे नातेवाईक सर्जनच्या पाया पडतात. रेडिओलॉजिस्टचं नाव मात्र त्यांना रिपोर्टखालच्या सहीपुरतंच माहीत असतं. तुमचे आभार जाहीरपणे मानायचे आहेत, म्हणून हे पत्र.

आमची ही पोळ्या करताना तव्याला हात लागला तरी दचकेनाशी झाली. बोटांवर फोड दिसायचे, पण चटका कधी बसला ते तिला सांगता यायचं नाही. हातात ताकद होती, स्पर्शही कळत होता. "मानेच्या मणक्यात गॅप आहे" असं ऐकून आम्ही बराच काळ पट्टा आणि शेकावर काढला. पुढे एमआरआय तुमच्यासमोर आला. तुम्ही आम्हाला आत बोलावून स्क्रीन दाखवलीत. करंगळीएवढ्या मज्जारज्जूच्या मधोमध गाठ, तिच्या वर आणि खाली पाणी साचलेलं. उष्णता आणि वेदना यांचे तंतू तिथेच, मध्यभागी एकमेकांना ओलांडतात, म्हणून नेमकी तीच जाणीव आधी गेली, हे तुम्ही बोट ठेवून समजावलंत. गाठ मध्यावर आहे, कॉन्ट्रास्टने (शिरेतून दिलेल्या औषधाने) उजळतेय, तेव्हा एपेन्डिमोमाची, म्हणजे मज्जारज्जूच्या आतल्या अस्तरातून वाढणाऱ्या गाठीची, शक्यता जास्त. तशी असेल तर भोवतालच्या भागापासून ती सोडवता येण्याची आशा असते, हेही सांगितलंत. "पण नक्की काय ते पॅथॉलॉजीच सांगेल," हे वाक्य तुम्ही दोनदा म्हणालात. मला त्या 'पण'चाच जास्त आधार वाटला.

एमआरआय झाला म्हणजे फोटोंचं काम संपलं, अशी माझी समजूत होती. तो काढताना माणूस उताणा असतो आणि ऑपरेशनला पालथा, मान वाकवलेली. म्हणून टेबलावर आधी सी-आर्मने, म्हणजे तिथल्या फिरत्या एक्स-रे यंत्राने, मणके मोजले. हाड काढल्यावर, मज्जारज्जूचं आवरण उघडायच्या आधी, त्या पोकळीत सलाइन भरून तुम्ही सोनोग्राफीचा प्रोब धरलात. गाठीची दोन्ही टोकं उघड्या भागात येतात का, ते पाहिलंत. वरचं टोक अजून थोडं हाडाखाली होतं. तुम्ही सांगितल्यावर तेवढंच हाड आणखी काढलं. गाठ निघाल्यावर पुन्हा प्रोब लावून काही उरलंय का तेही बघितलंत. हे सगळं सर्जनसाहेबांनी नंतर सांगितलं, आणि तुमचं नाव घेऊन सांगितलं. (सोनोग्राफी म्हटलं की आपल्याकडे 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटीच आठवते. तेच यंत्र पाठीच्या कण्यातही वाट दाखवतं, हे कुणाला ठाऊक!)

नंतर मी थोडं वाचलं. 1887 मध्ये लंडनला सर्जन व्हिक्टर हॉर्स्ली यांनी मज्जारज्जूला दाबणारी गाठ काढली, तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागलेला नव्हता. मज्जासंस्थेचे डॉक्टर गॉवर्स यांनी नुसत्या लक्षणांवरून जागा ठरवली होती. उघडल्यावर तिथे गाठ दिसेना. आणखी वर हाड काढत गेल्यावर ती सापडली. त्या दोघांना दंडवतच. पण हिच्या बाबतीत 'आणखी किती वर' याचं उत्तर आवरण उघडायच्या आधीच मिळालं, ते तुमच्यामुळे.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट एपेन्डिमोमाच आला. ऑपरेशननंतरच्या कॉन्ट्रास्ट एमआरआयमध्ये गाठ उरलेली दिसली नाही. ही आता चालते, पण खाली बघून. अंधारात पाऊल कुठे पडलं ते तिला अजून नीट कळत नाही. मज्जारज्जू मागून, मधोमध उघडावा लागतो आणि तिथल्या तंतूंना त्याची झळ बसू शकते, हे आधीच कानावर घातलेलं असल्यामुळे आम्ही घाबरलो नाही. फिजिओथेरपी चालू आहे. चटक्याची जाणीव पूर्ण परतलेली नाही, म्हणून तवा सध्या माझ्याकडे आहे आणि माझ्या पोळ्यांवर घरात रोज टीका होते.

पुढच्या महिन्यात फॉलोअपचा एमआरआय आहे. रिपोर्ट तुम्हीच वाचावा, अशी हिची इच्छा आहे. येताना जुनी सीडीही आणतो, तुलनेला लागेल.

आपला कृतज्ञ,
पेशंटचा नवरा