पदार्पणाच्या बातमीत मिनिटेही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एखाद्या तरुण बास्केटबॉलपटूचे व्यावसायिक पदार्पण झाले की क्रीडा पानावर दोन ओळी येतात आणि त्यांत आकडा एकच असतो, गुणांचा. 'पहिल्याच सामन्यात 15 गुण' किंवा 'पदार्पणात खातेही उघडले नाही.' ही क्रिकेटची सवय म्हणावी, तर क्रिकेटमध्ये धावांसमोर चेंडूही छापतात. बास्केटबॉलमध्ये चेंडूंच्या जागी मिनिटे असतात आणि नेमकी तीच गळतात.

कोबी ब्रायंटने 1996 साली एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधल्या, पहिल्या सामन्यात शून्य गुण केले. तो खेळला होता सहा मिनिटे. लेब्रॉन जेम्सचे 2003 मधले 25 गुण 42 मिनिटांतले, 20 पैकी 12 शॉट पाडून. मायकेल जॉर्डनचे 1984 मधले 16 गुण ऐकायला बरे वाटतात, पण त्या दिवशी त्याचे 16 पैकी 5च शॉट पडले होते. व्हिक्टर वेम्बान्यामाने 2023 मध्ये 23 मिनिटांत 15 गुण केले, 9 पैकी 6 शॉट. मिनिटे कमी, कारण पाच फाऊल. एनबीएत सहाव्या फाऊलला खेळाडू बाहेर जातो, म्हणून त्याला बराच वेळ बेंचवर बसवावे लागले. आपल्याकडे फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, नियम चालतात. त्यात पाचव्यालाच त्याचा सामना संपला असता.

वार्ताहराचा यात फारसा दोष नाही. तो सामन्याची नोंद ठेवणाऱ्या टेबलवरच्या स्कोअरशीटवरून आकडे उतरवतो आणि स्कोअरशीटमध्ये मिनिटांना रकानाच नाही. खेळाडू पहिल्यांदा आत आला की नावापुढे फुली पडते, सुरुवातीच्या पाच जणांच्या फुलीभोवती गोल असतो. बास्केट झाली की तिरपी रेघ, फ्री थ्रोला (फाऊलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटला) भरलेला ठिपका, तीन गुणांच्या बास्केटला खेळाडूच्या क्रमांकाभोवती गोल. म्हणजे पडलेला प्रत्येक शॉट तिथे सापडतो, हुकलेला फील्ड शॉट एकही नाही. रिबाऊंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणे), असिस्ट (बास्केटला कारण ठरलेला पास), टर्नओव्हर (चेंडू समोरच्या संघाला गमावणे) हेही नाहीत.

उपाय एका वहीचा आहे. ज्या खेळाडूवर बातमी करायची, त्याच्या नावाने पान आखावे. तो आत गेला की घड्याळ आणि गुणफलक लिहावा, बाहेर आला की पुन्हा. घड्याळ उलटे चालते हे विसरू नये: 6:40 ला आत आणि 2:15 ला बाहेर म्हणजे 4 मिनिटे 25 सेकंद. आत जाताना संघ 18-20 आणि बाहेर येताना 27-24 असेल, तर तो असताना संघाने समोरच्यापेक्षा पाच गुण जास्त कमावले. एका सामन्याच्या या शेवटच्या आकड्यावर फार विसंबू नये, सोबतच्या चौघांचाही त्यात वाटा असतो. पूर्ण संघाची मिनिटे मांडली असतील तर बेरीज 200 आलीच पाहिजे, पाच जण गुणिले 40 मिनिटे. जादा वेळ झाला तर पाच मिनिटांच्या प्रत्येक डावाला 25 वाढवायचे. बेरीज चुकली की बहुधा क्वार्टरच्या मधल्या सुट्टीत झालेली अदलाबदल लिहायची राहिलेली असते. त्याच पानावर हुकलेल्या शॉटला टिंब, टर्नओव्हरला 'ट' पुरतो.

गुण कोणत्या क्वार्टरमधले हेही लिहावे. संघ 25 गुणांनी पुढे असताना शेवटच्या दोन मिनिटांत केलेले सहा गुण आणि बरोबरीत असताना केलेले सहा गुण एकाच भावाने विकू नयेत.

पहिल्या सामन्यात नवखा खेळाडू अडखळतो तो बहुधा शॉटमध्ये नव्हे, फाऊलमध्ये. स्क्रीनवरून (वाट अडवून उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याकडून) सुटायला अर्धा क्षण उशीर होतो, मग हात समोरच्याच्या कमरेला लागतो आणि शिट्टी वाजते. किंवा खोट्या शॉटला भुलून तो आधीच उडी मारतो. टर्नओव्हरचे कारण वेगळे. शालेय स्पर्धेत चेंडू हातात घेऊन मग कोण मोकळा आहे ते पाहायला वेळ मिळतो. मोठ्या खेळाडूंमध्ये ती फट तोवर बुजलेली असते. आधी पाहायचे, मग चेंडू घ्यायचा, हे अंगवळणी पडायला सामनेच खेळावे लागतात.

आपल्या पोट्ट्यांबाबत आणखी एक गोष्ट पाहावी लागेल. थ्री पॉइंटची रेषा 2010 मध्ये 6.25 मीटरवरून 6.75 वर गेली, कोपऱ्यात 6.60. नागपुरात उघड्या सिमेंटच्या ज्या कोर्टांवर जुनी रेषा पुसून नवी आखलेली नाही, तिथे सराव करणाऱ्याचा शॉट मोठ्या सामन्यात अर्धा मीटर आखूड पडतो आणि रिंगच्या पुढच्या कडेला लागतो. एनबीएत तर ही रेषा माथ्यावर 7.24 मीटरला आहे. मानकापूरच्या संकुलातून खेळाडू थेट मोठ्या लीगमध्ये गेला, तर तीनचे दहापैकी दोनच का पडले याचे उत्तर 'दडपण' हेच असेल असे नाही. मेजपट्टी घेऊन तो कुठे सराव करतो ते आधी मोजावे.

थ्री बाय थ्रीच्या, म्हणजे तीन विरुद्ध तीन खेळाच्या, पदार्पणाचे आकडे मात्र पाचच्या खेळाशेजारी ठेवू नका. तिथे अर्धे कोर्ट, दहा मिनिटे, शॉट घ्यायची मुदत (शॉट क्लॉक) 12 सेकंदांची, बास्केटला एक आणि कमानीबाहेरून दोन गुण, आणि 21 गुण आधी करणारा तिथेच जिंकतो. त्यात सात गुण करणारा खेळाडू संघाचा तिसरा हिस्सा उचलत असतो.

जागा कमी असते हे मान्य. त्यासाठी एकच ओळ सुचवतो: '11 गुण, 19 मिनिटे, शॉट 4/9, फ्री थ्रो 2/2, रिबाऊंड 3, असिस्ट 2, टर्नओव्हर 4, फाऊल 3.' यातले काही कापायचेच असेल तर रिबाऊंड कापा, मिनिटे नको.

आपले,
टेबलवर काम करणारे दोघे, धरमपेठ, नागपूर