पाऊस असेल तेव्हा नदीकडे जाऊ नकोस

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर आपले बोलणे अर्धवट तुटले, म्हणून लिहितो आहे. नैरोबीतल्या मथारे झोपडवस्तीच्या नदीकाठची पाहणी तू ऐन पावसात करणार, हे काही केल्या माझ्या गळी उतरत नाही. नैरोबीत मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ, आणि 2024 च्या एप्रिलमध्ये याच नदीने घरांसकट माणसे नेली, हे तूच सांगितले होतेस.

त्या पुरानंतर सरकारने काठावरची घरे बुलडोझर लावून पाडली, त्यावरचा तुझा लेख मी सावकाश वाचला आणि वाड्यात सर्वांना दाखवला. जगाच्या कार्बन उत्सर्जनात साऱ्या आफ्रिकेचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास, त्यात मथारेतल्या पत्र्याच्या खोलीचा तो कितीसा; तरी पुराचा पहिला तडाखा तिलाच आणि नंतर जागाही तिचीच जायची, हा तुझा मुद्दा बिनतोड आहे. मात्र पर्जन्य जलवाहिन्यांच्या खात्यात उभी नोकरी काढलेला माणूस म्हणून सांगतो, पाण्याला रुंदी द्यावीच लागते. माणसांची सोय आधी लावून मग ती द्यावी, एवढेच तुझे म्हणणे असेल, तर आपले भांडण नाही. म्हणून मला नैरोबीतल्याच मुकुरू या झोपडवस्तीचे उदाहरण पटले: 2017 मध्ये ती वस्ती विशेष नियोजन क्षेत्र ठरली आणि रस्ते, गटारे यांचे आराखडे रहिवाशांना सोबत घेऊन झाले. असो, व्याख्यान झाले. राग मानू नकोस.

तिथल्या वस्त्यांतले लोक स्वतःच घरोघर मोजणी करतात, हे वाचून भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या, आपल्या झोपड्यांची मोजणी स्वतःच करणाऱ्या बायका आठवल्या. त्यांची पद्धतच पुढे तिकडे पोचली ना? पण मोजणी म्हटली की मला पाणीच दिसते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा शाळेतून तुला खांद्यावर घेऊन येताना उघड्या मॅनहोलच्या धास्तीने मी छत्रीच्या टोकाने एकेक पाऊल चाचपत होतो. नानांना हे अजून ठाऊक नाही. गढूळ पाण्यात पायाखालचे दिसत नाही, मुक्ता.

पाणी ओसरल्यावर पत्र्यांवर चिखलाची रेघ राहते. जमिनीपासून तिची उंची टेपने मोजलीस, की पुराची पातळी मिळते. त्यासाठी पुरात उभे राहावे लागत नाही. तरीही जायचेच ठरवलेस, तर तिथल्याच कुणाला तरी बरोबर घे आणि निघण्यापूर्वी निनादला कळव. आईला हे पत्र दाखवलेले नाही.

तुझा,
बाबा