वकील मॅडम, थापी अजून तुमच्याच कपाटात आहे

आदरणीय वकील मॅडम,
स.न.वि.वि.

अपघाताच्या भरपाईच्या दाव्याच्या निकालाची नक्कल मिळाली त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवरच आभार मानायचे होते. पण माझ्या तोंडून शब्द फुटेना, आणि तुम्ही "दुसरी तारीख आहे, निघते" म्हणत वरच्या मजल्यावर पळालात. म्हणून हे पत्र. नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय, कारण दवाखान्याच्या बाकावर आमच्यासारखं कुणी ना कुणी आजही बसलेलं असणार, आणि त्यांना पहिल्यांदा भेटणार तो केस मिळवायला कार्ड वाटत फिरणारा कार्डवाला.

आम्हालाही तोच भेटला होता. डिसेंबर 2022, गळीत हंगाम ऐन भरात. आमचे मालक गवंडीकाम उरकून कराड-विटा रस्त्यानं मोटारसायकलवर घरी येत होते. अंधार पडलेला. टायर फुटलेला उसाचा ट्रक निम्मा रस्त्यावर उभा, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, चार दगडसुद्धा मांडलेले नाहीत. डाव्या पायाचा चुरा झाला. तिसऱ्या दिवशी एक जण कार्ड घेऊन खाटेपाशी आला. "ताई, काही खर्च नाही, मिळालं तर तीस टक्के." कोऱ्या वकीलपत्रावर सही मागत होता. पेन माझ्या हातात होतं. दिरांनी काढून घेतलं म्हणून वाचले. टक्केवारीवर केस घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत बंदी आहे, हे पुढे तुमच्याकडून कळलं.

तुमच्यापर्यंत पोचायला मे उजाडला. तोवर दोन ऑपरेशनं, रॉड, मग जखमेत पू. कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीची पाटी आहे आणि वर्षाला तीन लाखांच्या आत कमाई असली तर वकील फुकट मिळतो, हे मला शेजारच्या अंगणवाडीताईंनी सांगितलं. समितीनं तुमचं नाव दिलं. तुम्ही कागद बघायच्या आधी अपघाताची तारीख विचारलीत आणि बोटांवर महिने मोजलेत. 1 एप्रिल 2022 पासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा असा नियम झालाय, हे आम्हाला कोण सांगणार? पोलिसांनी नाही, दवाखान्यानं नाही. आमच्याकडे तीन आठवडे उरले होते.

आणि गुन्हा? तो मालकांच्याच नावावर! मागून जाऊन धडकले, म्हणजे चूक यांची. गावात तर सगळ्यांनी सांगितलं होतं, आता काही होत नाही. तुम्ही मात्र घटनास्थळाच्या पंचनाम्याची नक्कल काढलीत आणि पेन्सिलनं एका ओळीखाली रेघ मारलीत. ट्रकच्या पाठीमागे रिफ्लेक्टर दिसून येत नाही. तो कागद आम्ही पाच महिने प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन फिरत होतो, पण ती ओळ कुणी वाचलीच नव्हती. फौजदारी खटल्यात लागतो तसला तंतोतंत पुरावा दाव्याला लागत नाही, जास्त शक्यता कुणाच्या बाजूची ते बघतात, असं तुम्ही म्हणालात. मला तेव्हा निम्मंच कळलं होतं.

पण मॅडम, माझ्या मनात घर करून बसलाय तो दिवस वेगळाच. अपंगत्वाचा दाखला आला होता, 42 टक्के. मी म्हटलं, म्हणजे कमाई 42 टक्के बुडाली. तुम्ही म्हणालात, हा आकडा पायाचा आहे, कामाचा नाही. 2011 सालचा सुप्रीम कोर्टाचा राज कुमारचा निकाल सांगितलात. हात तोच गेला, पण ड्रायव्हरचा गेला तर त्याचं पोटच गेलं, कारकुनाचं तसं नाही. मग मालकांकडे वळून म्हणालात, "दादा, मला गवंडीकाम कळत नाही. उद्या तुमची हत्यारं घेऊन या."

दुसऱ्या दिवशी आम्ही थापी, ओळंबा आणि गुण्या घेऊन तुमच्या ऑफिसात. तुम्ही टेबल बाजूला सरकवलंत. मालकांनी थापी धरली आणि कोऱ्या भिंतीवर माल मारल्यासारखा हात फिरवला. गिलावा मारताना जोर हातात असतो असं मलाही वाटायचं, लग्नाला पंधरा वर्षं होऊन. पण माल मारताना अंगाचा सगळा भार डाव्या पायावर येतो. तिसऱ्यांदा हात फिरवताना त्यांचा गुडघा गेला, भिंतीला टेकून उभे राहिले. कुणी काही बोललं नाही. तुम्ही खुर्ची पुढे केलीत, आणि मग प्रश्नांवर प्रश्न. परांचीवर कसं चढता? वर उभं राहायला फळी केवढी? उकिडवं किती वेळ बसता? दीड तास नुसतं लिहून घेत होतात. त्यांच्या कामाबद्दल इतकं कधी कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगते, मीसुद्धा नाही.

पुढे उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं, बसून करण्यासारखी कामं असतातच की? मालक म्हणाले, "साहेब, भिंत बसत नाही." जज्जसाहेबसुद्धा जरा हसले.

कमाईचा पुरावा हे दुसरं दुखणं. ठेकेदार साक्षीला यायला तयार नाही, त्याच्याकडे कागद कुठला! तुम्ही मालकांची खिशातली हजेरीवही मागितलीत, सिमेंटनं कडक झालेली. बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड मागितलंत, त्याला 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तोही जोडलात. मी ते कार्ड भांड्यांच्या योजनेपुरतंच समजत होते.

लोकअदालतीत कंपनीनं चार लाख देऊ केले तेव्हा मी घेऊन मोकळी झाले असते. उधारी दारात होती. तुम्ही "घेऊ नका" म्हणाला नाहीत. एवढंच सांगितलंत की इथं तडजोड केली तर तिच्यावर अपील नाही, रात्रभर विचार करा. रात्रभर कसला, आम्ही दोघं पहाटेपर्यंत भांडलो.

निकालाचा हिशेब आता मला पाठ आहे. महिन्याचे 12,000 धरले, म्हणजे वर्षाचे 1,44,000, वय 38 म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के, कामाचं नुकसान 60 टक्के, आणि वयावरून ठरणारा गुणक 15, म्हणजे वर्षाच्या नुकसानीची पंधरा पट. झाले 18,14,400. त्यात दवाखाना आणि बाकीचं मिळवलं, वर व्याज. मालकांचीही थोडी चूक म्हणून 20 टक्के कापले, ते मला आजही पटलेलं नाही. तुम्हालाही पटलेलं नव्हतं, चेहऱ्यावर दिसलं. बरीचशी रक्कम कोर्टानं बँकेत ठेव म्हणून ठेवायला लावली. तेव्हा राग आला होता. उधारीवाल्यांची रांग बघितल्यावर गेला.

घराची मागची भिंत अजून उघडीच आहे. खालचा चार फुटांचा गिलावा स्टुलावर बसून आपणच मारणार, असं मालकांनी धरलंय. कोर्टानं साठ टक्के म्हटलंय ना, उरलेले चाळीस वापरून बघतो, म्हणतात. दुसऱ्या शनिवारी तुम्हाला सुट्टी असते. थापी न्यायला येऊ, येताना गुळाची ढेप आणतो. फी नाही ती, नाही म्हणू नका.

तुमची,
गवंड्याची बायको